लंडनात बिनकामाचा

(वस्तीतल्या वाचनालयात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच जवळपास छापलं आहे.)



मला इथं उभं केलंय ते लंडनवर बोलायला. मी वक्ता नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत शिरलो. दिवसा पोती, रात्री कविता, एवढीच माझी जंत्री. तेव्हा माझ्याकडून प्रवासवर्णन मागू नका. मराठीत लंडनची प्रवासवर्णनं पोत्यानं पडलीत. त्यात राणीचा राजवाडा असतो, गार हवा असते, गपगुमान उभी राहिलेली रांग असते, आणि शेवटी ‘आपल्याकडे हे कधी होणार’ असा एक सुस्कारा असतो. ज्यांना परवडतो त्यांनी तो टाकावा.

मी लंडनात एकच काम केलं. सात दिवस बिनकामाचा हिंडलो. एकटा. कुणाची हजेरी नाही, पाळी नाही, कुणी धाडलं नाही. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय?

तर आठवून बघा, आपल्या घरात बिनकामाचं कोण हिंडलंय? माझा आज्जा पायी लई हिंडला. गावात मयत झालं की सांगावा घेऊन तो पाच-पाच गावं तुडवायचा, उन्हातान्हात, अनवाणी. तो गावासाठी हिंडला. आय हंडा घेऊन हिंडली, पाण्यासाठी. बाप चाळीस वर्षं खोली ते गोदी, गोदी ते खोली. आमच्या घरात पाय होते, पण ते दुसऱ्याच्या कामाला जुंपलेले. आणि बिनकामाचा उभा राहिलेला आपला माणूस ह्या देशाला बघवत नाही. पारावर बसला तर माजला. नाक्यावर उभा राहिला तर मवाली. बंगल्यांच्या गल्लीतून हळू चालला तर चोर. कुणीतरी विचारतंच, ‘काय रे, कुठला? कुणाकडं आलायस?’

म्हणून मी म्हणतो, रमतगमत चालणं ही चैन नाही. तो हक्क आहे, आणि तो आपल्याकडून पिढ्यान्पिढ्या काढून घेतलेला आहे. आज मी त्या हक्काबद्दल बोलणार आहे. लंडन निमित्ताला.

गेलो कसा ते थोडक्यात. तिथल्या काही मंडळींनी कवितावाचनाला बोलावलं, तिकीट त्यांनीच काढलं. व्हिसाच्या फॉर्मात धंदा काय, त्यात ‘गोदी कामगार’ लिहिलं, तर खिडकीतल्या माणसानं दोनदा वाचलं. बापाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘तिथं हमाली करायची न्हाय ना? मग जातोस कशाला?’ त्याचं खरंच होतं. आपला माणूस कामाशिवाय कुठं जातो हे त्याला ठाऊकच नाही. मी परतीचं तिकीट आठवडाभर पुढचं मागून घेतलं. आपल्यातलाच एक पोरगा राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर तिथं शिकतोय, त्याच्या खोलीत खाली अंथरूण टाकलं. तो सकाळी कॉलेजात, संध्याकाळी हॉटेलात भांडी घासायला. त्यामुळं दिवस सगळा माझा. मे महिना होता. रात्री नऊपर्यंत उजेड. एवढा उजेड फुकट मिळतोय आणि त्यात कुणी राबवत नाही, हे मला पहिले दोन दिवस पचलंच नाही.

पहिल्या दिवशी कुठं गेलो असेन हे तुम्हाला सांगायला नको. चॉक फार्म स्टेशनला उतरून पायी, दहा नंबर, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ साली इथं भाड्यानं राहिले. बाहेर पाटी आहे. आत फोटो, पुस्तकं. हे घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं. पुढचं ऐका. संग्रहालय करायला तिथल्या कौन्सिलनं परवानगी नाकारली. गर्दी होईल, गलका होईल, अशी शेजाऱ्यांची तक्रार. अपील झालं, सुनावणी झाली, आणि २०२० साली परवानगी मिळाली. १९१७ साली बडोद्यात ह्याच माणसाला पारशी खाणावळीतून काठ्या दाखवून बाहेर काढलं होतं. मेल्यावरही बाबासाहेबांना शेजार सुखानं मिळत नाही, एवढं त्या दारात उभं राहून मनात आलं. तिथलं कारण जात नव्हतं, हे मला कळतं. पण जखम जुनी असली की साधा धक्कासुद्धा तिथंच लागतो.

मी त्या घरात तासभर बसलो आणि एक हिशोब करत राहिलो. १९१६ साली पहिल्यांदा हा माणूस लंडनात आला. स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. वर्षभरात शिष्यवृत्ती संपली, परत फिरावं लागलं. त्याच्या सामानाची बोट टॉर्पेडोनं बुडाली, पुस्तकं दर्यात गेली. पैसे जमवून १९२० साली पुन्हा आला. १९२१ ला एमएस्सी, १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डीएस्सी. चरित्रकार सांगतात की सकाळी पावाचा तुकडा, रात्री भूक आवरेना तेव्हा भाजलेले पापड. दिवसभर वाचनालयात. ह्या हिशोबात लंडन कुठंय? ह्या माणसानं टेम्सच्या काठावर उगाच उभं राहून पाणी बघितलं असेल का? बघितलं असलं तरी मिनिटं मोजूनच. त्याच्या पाठीवर कोट्यवधी माणसं बसली होती. आपण त्यांना ज्ञानाचा सागर म्हणतो, बरोबरच म्हणतो. पण त्यांच्याकडून रिकामा दिवस हिसकावला गेला, हे कुणी म्हणत नाही. तो दिवस त्यांच्या नावावर बाकी आहे. मी मनात म्हटलं, बाबा, तुमची बाकी मी हिंडून फेडतो.

घराजवळच प्रिमरोज हिल आहे. टेकडी कसली, आपल्याकडचा एक उंचवटा. पण वर गेलं की सगळं लंडन पायाशी. बाकांवर लोक पडलेले. कुणी वाचतंय, कुणी कुत्रं खेळवतंय, कुणी काहीच करत नाही. ते काहीच न करणं मी डोळे फाडून बघत होतो. मी बाकावर बसलो. मघाशी एक पोलीस समोरून आला. दोस्तहो, माझा हात आपोआप खिशात गेला, गोदीचा गेटपास काढायला! तो ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला आणि निघून गेला. माझा हात खिशातच.

पण ह्यावरून लंडनचा पोलीस म्हणजे देवमाणूस असं समजू नका. तिथल्या काळ्या पोरांना विचारा. स्टीफन लॉरेन्स नावाच्या काळ्या पोराला १९९३ साली गोऱ्यांच्या टोळक्यानं बसस्टॉपवर भोसकलं. त्यावर १९९९ साली मॅकफर्सनचा अहवाल आला, की लंडनच्या पोलीस दलातला वंशद्वेष एकट्यादुकट्याचा नाही, संस्थेच्या हाडात आहे. २०२३ साली केसी अहवालानं पुन्हा तेच सांगितलं. म्हणजे त्या रस्त्यावर मला जो मोकळेपणा मिळाला तो तिथल्याच कुणाला तरी मिळत नाही. हे मी विसरलो तर माझ्यात आणि सुस्कारेवाल्यांत फरक काय?

आता त्याच बाकावरची गोष्ट. आयेचा फोन आला. मी मोठमोठ्यानं बोलत होतो, गोदीत बोलायची सवय. फोन ठेवला तर एक गृहस्थ जवळ आले. साठी उलटलेली, डोक्याला माकडटोपी. ‘अरे वा, मराठी! मुंबईचे का? बसू का?’ मी म्हटलं, ‘बसा की काका.’ मुलाकडं आले होते सहा महिन्यांसाठी. बोलायला माणूस नाही म्हणून कळवळले होते बिचारे. पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून पुढं केला. ‘घ्या, घरच्या शंकरपाळ्या.’ मी एक घेतली. बरं वाटलं. मग ते म्हणाले, ‘आडनाव काय म्हणालात?’ मी काही म्हणालोच नव्हतो. सांगितलं. ‘गाव?’ सांगितलं. ‘इकडे काय काम काढलंत?’ मी म्हटलं, ‘काम नाही. बाबासाहेबांचं घर बघायला आलो.’

‘हो का, छान छान,’ म्हणाले. आणि डब्याला झाकण लागलं.

वाईट काही बोलले नाहीत. उठूनही गेले नाहीत लगेच, दोन मिनिटं हवेवर बोलले. पण झाकण लागलं ते लागलं. आठवडाभरात एकाही गोऱ्यानं मला आडनाव विचारलं नाही. गोऱ्याला माझ्या कातडीचा रंग दिसला असेल, त्यानं मनात काय म्हटलं असेल ते त्याचं त्याला. पण माझ्या कातडीच्या आत शिरून तपासायची विद्या आपल्याच माणसाकडं. ती तो विमानातून घेऊन जातो. तिच्या वजनाचे कुणी जादा पैसे घेत नाही. म्हणून तर तिथल्या पार्लमेंटला २०१० च्या समानता कायद्यात जातीचा उल्लेख करावा लागला. २०१३ साली जात कायद्यात घालायचं ठरलं, आणि २०१८ साली तिथल्या सरकारनं माघार घेतली, म्हणालं कोर्टाचे निकाल पुरेसे आहेत. तो निकाल कुणाच्या जिवावर लागला? बिहारमधल्या एका आदिवासी बाईच्या. इंग्लंडात एका भारतीय कुटुंबाच्या घरी तिला दिवसरात्र राबवलं. २०१५ साली तिला बुडालेल्या मजुरीपोटी एक लाख ८३ हजारांवर पौंड द्यायचा हुकूम झाला. ती बाई लढली. 

शंकरपाळी मी खाल्ली. अन्नावर राग नाही.

दुसरा दिवस ब्रिटिश म्युझियम. तिथं आत जायला पैसे लागत नाहीत, हे एक बरं. मधोमध ती गोल वाचनखोली, १८५७ ची. मार्क्सनं तिथं बसून वाचलं, बाबासाहेबांनी तिथं बसून वाचलं. पुस्तकं १९९७ पासून दुसरीकडं, सेंट पँक्रासच्या नव्या ब्रिटिश लायब्ररीत गेली. मी घुमटाखाली मान वर करून उभा राहिलो, मान दुखेपर्यंत. मग तिथल्या अमरावतीच्या दगडांकडं गेलो. आपली विदर्भातली अमरावती नव्हे, आंध्रातली, कृष्णाकाठची. तिथल्या महास्तूपाचे शिल्पपट. वॉल्टर एलियट नावाच्या साहेबानं १८४५ साली खणून काढले, मद्रासला नेले, १८५९ साली लंडनला धाडले, १८८० साली म्युझियममध्ये आले. लोक बारीक कोरीवकाम बघत होते. मी वजन बघत होतो. एकेक फळी किती मणाची असेल? त्या काळी मद्रासला धक्काच नव्हता. बोट दूर उभी राहायची, आणि माल होडक्यातून फेसाळलेल्या लाटांवरून न्यायचे. म्हणजे हे दगड कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून होडीत चढवले. बुद्धाला पाठीवर घेतलं. एलियटचं नाव पाटीवर आहे. त्या पाठीचं नाव कुठाय?

त्यातल्या एका दगडावर नुसते पाय कोरलेत. बुद्धाची पावलं, तळव्यावर चक्र. त्या जुन्या काळात कारागीर बुद्धाची मूर्ती करत नसत, पावलं कोरत, रिकामं आसन कोरत. मी त्या पावलांसमोर बराच वेळ होतो. राजवाडा सोडून हा माणूस पंचेचाळीस वर्षं पायीच हिंडला. कुठल्या मुकादमानं धाडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हायगेट. मार्क्सची कबर बघायची होती. गेटवर तिकीट! मार्क्स बघायला पैसे! मी हसलो, तर खिडकीतली बाईही हसली, तिला रोजची सवय असणार. पैसे काढले, काय करता. मार्क्स १८८३ साली गेला. त्याचं ते भलंमोठं डोकं १९५६ साली बसवलं. त्याच्या बाजूलाच एक साधी पाटी आहे, तिथं थांबत जा कुणी गेलात तर. क्लॉडिया जोन्स. त्रिनिदादची काळी बाई, अमेरिकेत वाढली, कम्युनिस्ट म्हणून तुरुंगात टाकली, १९५५ साली देशाबाहेर काढली. लंडनात आली आणि १९५८ साली काळ्या लोकांचं वर्तमानपत्र सुरू केलं. त्याच वर्षी नॉटिंग हिलला काळ्यांवर हल्ले झाले, तर हिनं रडगाणं न गाता १९५९ साली कार्निव्हल भरवला, नाचगाण्याचा. ज्यांना रस्त्यावर मारलं त्यांनी नाचून उत्तर द्यायचं. आपले अंक काढणाऱ्या पोरांनी हे नाव वहीत लिहून ठेवावं.

आणि आता गोदी. खरं सांगायचं तर मी ह्यासाठीच मागं राहिलो होतो. पूर्ण एक दिवस, टॉवरपासून पूर्वेला पायी. बरोबर चपाती आणि लसणाची चटणी.

टॉवरला लागून सेंट कॅथरिन डॉक. १८२८ साली उघडली. त्या जागी आधी सुमारे साडेबाराशे घरं होती, अकरा हजारांवर माणसं. सगळी उठवली. घरमालकांना भरपाई, भाडेकरूंना काही नाही. झोपडपट्टी हटवायची ही रीत आपण नवीन समजत होतो! १९६८ साली गोदीच बंद झाली. आता तिथं श्रीमंतांच्या पांढऱ्या नावा डुलतायत, काठावर हॉटेलं. मी कठड्याला टेकून चटणी-चपाती खाल्ली.

पुढं केबल स्ट्रीट. १९३६ च्या ४ ऑक्टोबरला मोस्लीची काळ्या डगल्यांची फॅसिस्ट फौज ज्यूंच्या वस्तीतून मोर्चा काढणार होती. ज्यू, आयरिश गोदी कामगार, कम्युनिस्ट, सगळे रस्त्यावर आले, अडथळे रचले, मोर्चा परत फिरवला. भिंतीवर त्याचं मोठं चित्र आहे. माझी छाती फुगली, गोदीवाले आपले! पण दोस्तहो, पुढचंही ऐका. १९६८ च्या एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल नावाच्या पुढाऱ्यानं काळ्या-सावळ्या लोकांविरुद्ध विखारी भाषण केलं, आणि तीनच दिवसांत लंडनच्या गोदी कामगारांनी त्याच्या बाजूनं पार्लमेंटवर मोर्चा नेला. तीच गोदी. बत्तीस वर्षांत. आपल्याला हे नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून विणखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते, आणि बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. अंगाला घामाचा वास येतो म्हणून माणूस आपोआप भाऊ होत नाही. त्याला भाऊ करावा लागतो, आणि स्वतःलाही.

पुढं लाइमहाऊस. इथं १८५७ साली परदेशी खलाशांसाठी एक आसरा उघडला होता. कारण बोटीवरून आलेले आपले लस्कर, म्हणजे खलाशी, परतीचं काम मिळेपर्यंत लंडनच्या थंडीत रस्त्यावर मरत होते. त्या बोटींवर आपल्या रत्नागिरीचे कितीतरी. कोकणातले मुसलमान डेकवर, गोव्याचे ख्रिस्ती भटारखान्यात. बायाही होत्या, मडमांची पोरं सांभाळत आणलेल्या आणि इथं सोडून दिलेल्या आया. हॅकनी भागात त्यांचं एक घर होतं, त्यावर २०२२ साली निळी पाटी लागली. लंडनला आपण पहिल्यांदा गेलो ते बॅरिस्टर म्हणून नाही, हे आपल्या पुस्तकांनी लिहायला पाहिजे.

आणि शेवटी वेस्ट इंडिया डॉक. १८०२ ची. साखरेसाठी बांधली. भोवती वीस फूट उंच भिंत, कशाला? कामगार साखर चोरतील म्हणून. बाहेर पडताना झडती. आमच्या गेटवर रोज होते तशीच. ज्यांनी माणसं चोरून जमैकात उसाला जुंपली त्यांनी मूठभर साखरेसाठी वीस फुटी भिंत घातली!

तिथलं साखरेचं एक जुनं गोदाम आता म्युझियम आहे, २००३ पासून. तेही फुकट. २००७ साली तिथं साखर आणि गुलामगिरीचं दालन केलं. ह्या गोदीच्या उभारणीत पुढाकार घेतला तो रॉबर्ट मिलिगन, ज्याचे जमैकात मळे आणि गुलाम होते. त्याचा पुतळा दारात उभा होता, तो २०२० च्या जूनमध्ये लोकांच्या रेट्यानं उचलला. गुलामगिरी बंद करायचा कायदा १८३३ साली झाला तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली. कुणाला? मालकांना. गुलामांना दमडी नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता २०१५ साली फिटला. म्हणजे परवापर्यंत लंडनमधला काळा कामगारसुद्धा करातून आपल्या आज्ज्याच्या मालकाची भरपाई भरत होता. आणि गुलाम गेल्यावर ऊस कुणी तोडला? आपण. करारावर माणसं भरभरून नेली. मॉरिशसला तर मुंबई बंदरातून, कोकणातून मराठी माणसं गेली.

दालनात गुलामांच्या जहाजांची यादी आहे. जहाजाचं नाव आहे, कप्तानाचं नाव आहे. माणसांचा मात्र नुसता आकडा.

तसाच पुढं गेलो आणि एका काचेच्या पेटीसमोर पाय थबकले. आत पोती ओढायचा हूक. आम्ही त्यालाही आकडाच म्हणतो. लाकडी मूठ, वाकडं लोखंड. दोस्तहो, अगदी तसाच आमच्या खोलीत दाराच्या मागं खिळ्याला लटकतोय. बापाचा. त्याच्या तळव्यात त्या मुठीचं घट्टं अजून आहे. आणि इथं त्याच्यावर दिवा सोडलाय, शेजारी पाटी लावलीय, आणि एक शाळकरी पोरगी बाईंना विचारतेय, हे कशासाठी वापरायचे? मला ओरडून सांगावंसं वाटलं, वापरायचे नाही, वापरतात! मी अजून जिवंत आहे!

बाहेर येऊन धक्क्यावर बसलो. आजूबाजूला काचेचे मनोरे. तो एक कॅनडा स्क्वेअर, २३५ मीटर उंच, १९९१ चा. सगळ्या बँका, दलाल्या. पाणी तेच आहे, बोट एकही मालाची नाही. वेस्ट इंडिया डॉक १९८० साली बंद झाली. कंटेनर आले, मोठ्या बोटी आल्या, माल टिलबरीला, फेलिक्सस्टोला गेला. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या, आणि मग झाडलोटवाले आत जाताना दिसले. सावळे, काळे. गोदी गेली तरी पाठी त्याच.

ह्याच गोद्यांच्या दारात रोज सकाळी गर्दी व्हायची. मुकादम बोट दाखवेल त्याला काम, बाकीचे घरी. तासाला पाच पेनी, आणि तासाभरात काम संपलं तर एका तासाचेच पैसे. १८८९ च्या ऑगस्टमध्ये ते उठले. मागणी काय, तर तासाला एक पेनी जादा, म्हणजे सहा, आणि बोलावलं तर निदान चार तासांची मजुरी. लाखाच्या आसपास माणसं संपावर गेली. शेठजींच्या रस्त्यावरून मोर्चा नेला, त्यात काठ्यांवर कुजके कांदे आणि माशांची मुंडकी खोचलेली, बघा आम्ही काय खातो! ऑस्ट्रेलियाच्या कामगारांनी तीस हजार पौंड धाडले. पाच आठवड्यांत पेनी मिळाली. पुढं १९४७ साली नोंदणीची योजना आली. आणि १९८९ साली, संपाला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, ती योजना मोडली. त्याच १९८९ साली आपल्याकडं न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि मुंबईचे कंटेनर तिकडं जायला लागले. माझा बाप नोंदणीतला होता, त्याला पेन्शन आहे. मी कंत्राटी. सकाळी गेटवर उभा राहतो, मुकादम बोट दाखवतो. १८८९ च्या आधीच्या लंडनात मी रोज कामाला जातो, दोस्तहो. विमानाची गरज नाही.

आणि आपल्या गोदीची जमीन? २०१४ पासून समित्या बसतायत, नकाशे निघतायत. समुद्राकाठचे बाग, फिरायचे रस्ते, नावा डुलायला जागा. चांगलंच आहे, फिरायचे रस्ते मला का नको असतील? मी तर त्याच हक्कावर बोलतोय. प्रश्न एवढाच, की त्या रस्त्यावर फिरणार कोण? गोदी बांधताना भाडेकरू उठवले, गोदी मोडताना कामगार उठवणार, आणि मग त्याच जागी एक म्युझियम, त्यात काचेची पेटी, पेटीत माझ्या बापाचा आकडा, आणि बापाचं नाव नाही?

म्हणून दोन कामं सांगतो आणि बसतो.

पहिलं. पुढच्या रविवारपासून ह्या टेबलावर एक जाड वही ठेवतोय. गोदीत, गिरणीत, म्युनिसिपाल्टीत, कोळशाच्या वखारीत ज्यांनी हाडं झिजवली त्यांची नावं लिहून आणा. नाव, गाव, कुठल्या गेटवर, किती वर्षं, काय उचललं, काय दुखलं. बाया काय करत होत्या तेही. म्हातारी माणसं आहेत तोवर. जुनी हजेरीकार्डं, हत्यारं असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. काचेच्या पेटीत जायचीच वेळ आली तर नावासकट जाऊ. पण त्याआधी गेटवर उभं राहून आपली पेनी मागू.

दुसरं काम ऐकून हसाल. महिन्यातून एक दिवस बिनकामाचे हिंडा. एकटे. चर्नी रोडला जा, म्युझियमच्या हिरवळीवर बसा, बंगल्यांच्या गल्लीतून हळू चाला. कुणी विचारलं, ‘काय काम आहे?’ तर सांगा, काम नाही. हे दोन शब्द आपल्या आज्ज्याला बोलता आले नव्हते. बाबासाहेबांना बोलायला फुरसत नव्हती. आपण बोलायचे.

लंडनहून बापासाठी काही आणलं नाही, पैसे नव्हते. त्याला काचेच्या पेटीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प. मग उठला, दारामागचा आकडा काढला, गंज पुसला, गोडंतेल लावलं आणि पुन्हा खिळ्याला अडकवला. म्हणाला, ‘अजून चालतोय.’

जयभीम.